बिडाचा दांडा

माय,

बीड कुठलं आणि नरम लोखंड कुठलं, हे तू मला पुस्तक न उघडता शिकवलंस. अहमदपूरला बाजाराच्या तोंडाशी आपली भट्टी होती. बाबा गेल्यावर सांडशी तू हातात घेतलीस आणि घण माझ्याकडे आला. नरम लोखंड तापवलं की हवं तसं वळतं, दोन तुकडे पांढरेफटक तापवून ठोकले तर एकजीव होतात. बिडाचं तसं नाही. ते साच्यात ओतलेलं लोखंड. ओझं कितीही पेलेल, पण घाव सोसत नाही. "बीड तापलं तरी त्येच्यावर हातोडा उचलायचा न्हाई, बाई," तू म्हणायचीस. "लोखंडाची पट्टी आवळायची अन् गप बसायचं." हे इतक्यांदा ऐकलं होतं की मी ऐकणंच सोडून दिलं होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. माझ्या वसतिगृहाच्या अर्जाला कसलासा दाखला हवा होता, म्हणून तू सकाळच्या एसटीनं लातूरला गेलीस. त्याच दिवशी जळकोटकडच्या एका गावातली माणसं हापशाचा दांडा घेऊन आली. बिडाचा, मधोमध तडा गेलेला. गावात पाणी देणारा तेवढा एकच हापसा. "तुझी माय येईस्तोर थांबतो आम्ही," ते म्हणाले. तेच मला झोंबलं. एकोणीस वर्षांची होते, घण पेलत होते आणि यांना मायच हवी. त्यांच्यातल्याच एकाला भाता ओढायला लावून मी दांडा लालभडक तापवला आणि ठोकला. तिसऱ्या घावाला त्याच्या खापऱ्या झाल्या. 

संध्याकाळी तू आलीस तेव्हा ती माणसं अजून बसून होती. तू तुकडे पाहिलेस, मला पाहिलंस आणि पदर खोचत त्यांना म्हणालीस, "पोरीला बोलू नका. मीच तसं करायला सांगून गेलते. चूक माझी हाय." मग माझ्याकडे वळलीस. "रडणं मागनं. तिथं बाया पाण्यावाचून हायेत. घण उचल." दोन दिवस खपून आपण घडीव लोखंडाचा नवा दांडा केला. तोवर त्या गावातल्या बाया कोसभर चालून पाणी आणत होत्या. पुढे त्या बाजूचं काम आपल्याकडे आलंच नाही. जिच्या हातचा फाळ लोक नावाजायचे, तिला बीड ओळखता येत नाही, असं झालं. तू मला एका शब्दानं टोचलं नाहीस. मला त्याचाच राग यायचा, आणि लाजही.

आता मी नांदेडला आयटीआयत शिकवते. परवा वर्गात सांगत होते, बिडात कार्बन फार, म्हणून ते ठिसूळ. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या गावचा हापसा असाच फुटला होता म्हणं. आजी सांगती, अहमदपूरच्या एका लोहारणीला काही कळतच नव्हतं." पोरं हसली. माय, मीही हसले.

हे पत्र खरं तर त्याच्या आजीला जायला हवं. पत्ता त्या मुलाच्या प्रवेशअर्जावर आहे. मी तुलाच लिहीत बसले, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.