डावो कौल

आये,

भातासाठी तांदूळ काढूक डबो उघडशीत तेवा ही चिठ्ठी घावतली. पासपोर्ट थंयच होतो, तो माका घावलो. माका तुझो राग नाय. देवळात माझ्यासाठी कौल लावलंस, डावो पडलो, देव जाऊ नको म्हणालो, म्हणान लपवलंस. ह्या माका कळता.

पण इंजिनियर होवन मी आंब्याच्या पेट्येंका खिळे मारतंय गो. मस्कतात कसाबसा इंजिनियरचा काम मिळाला हा. ता सोडून आणखी एक मोसम हंय काढलंय तर मी येडो होयन.

तू जामसंड्याच्या बाजारात असताना निघतंय, कारण तू दारात उभी रवलंस तर माझो पाय उचलूचो नाय. नांदगावसून गाडी पकडतंय.

विहिरीच्या पंपाचो व्हॉल्व बदललंय, आता चालू करताना पाणी ओतूची गरज नाय. आणि सवयीन माझ्या वाटणीचो भात घालू नको.

मी पोचल्यार परत कौल लाव. उजवो पडलो तर लगेच फोन कर. डावो पडलो तरी फोन कर, आणि उजवो पडलो म्हणान सांग.

तुझो,
गौरेश