हूराच्या गल्लीत ठेवलेले शब्द

मम्मी, परवा माझी मुलगी परीक्षेचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. मी जाऊन तिचं पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आता सांग. ती चिडली. मीही अशीच चिडले होते, तिकडे आखातात, हूरातल्या आपल्या स्वयंपाकघरात. तू हॉस्पिटलमधली नर्सची शिफ्ट संपवून आली होतीस, गणवेश बदलून सुरमईचे तुकडे धुवत होतीस, आणि मी सगळं पाठ झालंय म्हणून सांगत होते. "वाचताना सगळं येतंय असंच वाटतं," तू म्हणालीस. "खरं काय येतं ते पुस्तक मिटल्यावर कळतं." मिटल्यावर मला काहीच येईना. माझ्या काही लक्षात राहत नाही, असं शाळेतून कळवलं होतं. तू त्याबद्दल रागावली नाहीस, हात पुसलेस आणि मला पोटातले अवयव त्या स्वयंपाकघरात ठेवायला शिकवलंस. जठर तांदळाच्या डब्यात, यकृत गॅसवर, लहान आतडं खिडकीबाहेरच्या कपड्यांच्या दोरीवर. मला हसू आवरेना. जितकं वेडंवाकडं दिसेल तितकं ते डोक्यात राहतं, असं तुझं म्हणणं. डोळे मिटून दारातून आत ये, एकेक जागा बघ आणि तिथे काय ठेवलंय ते सांग. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस, मग मुद्दाम मध्ये काही दिवस जाऊ दिलेस. थोडं विसरायला लागल्यावर जे आठवतं ते पक्कं बसतं, म्हणायचीस. तू मराठीत विचारायचीस आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. तुला ते कधी खटकलं का, हे मी विचारलं नाही.

मी नववीत होते. चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून आपण घरी आलो, तू चहा ओतलास आणि डॅडींना म्हणालीस, खिडकी द्या. त्यांना वाटलं गंमत करतेस. तू पुन्हा तेच म्हणालीस, साखरेच्या डब्याकडे बोट दाखवून, आणि तुझा उजवा हात टेबलावरून घसरला. मीना सलमान बंदरातल्या गोदामात रोज ट्रकवाल्यांवर ओरडणारे डॅडी त्या दिवशी टॅक्सीवाल्याला रस्तासुद्धा नीट सांगू शकले नाहीत. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली होती. हात काही आठवड्यांत सुधारला, पण शब्द परतले नाहीत. मराठी तुटक तुटक राहिली, आणि इतक्या वर्षांची तुझी वॉर्डातली इंग्रजी पुसल्यासारखी झाली. तुझ्या हेड नर्स, त्या केरळच्या उंच बाई, घरी आल्या आणि हिंदीत हळू आवाजात म्हणाल्या की लीव्ह वाढवून घेता येईल, पण डॉक्टरांनी मागितलेली वस्तू ओळखता आली नाही तर वॉर्डात कसं ठेवणार. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, हे कोणी बोललं नाही. त्या गेल्यावर डॅडी म्हणाले, आपण वसईला परत जाऊ. तू मान हलवलीस. 'नाही' हा शब्द तुला सापडत नव्हता. खूप वेळ शोधून तू म्हणालीस, "मफी." बाजारात भाव करताना वापरायचा तो अरबी नकार तेवढा कुठेतरी शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तुला चप्पल घालायला लावली. स्वयंपाकघर तुझ्या शब्दांना पुरणार नव्हतं, म्हणून आपण गल्ली घेतली. हिवाळ्याचे दिवस आहेत, समुद्राकडून गार वारा येतोय, तू माझा दंड धरून चालतेस. शिंप्याच्या गळ्यातल्या टेपच्या जागी आपण स्टेथोस्कोप अडकवतो. इराण्याच्या भट्टीत रोटीऐवजी सुया उकळायला ठेवतो. न्हाव्याच्या खुर्चीवर मलमपट्टीचा ट्रे. मी पहिलं अक्षर उच्चारते आणि थांबते, तू ओठ हलवत राहतेस. तुला इंग्रजी शब्द सांगायचा तर त्या वस्तूचं काम आधी मराठीत समजावावं लागे, आणि माझी मराठी तर लहान मुलासारखी. मी चुकले की तू हसायचीस, मग तुझ्याकडून मी मराठी शब्द घ्यायचे आणि माझ्याकडून तू इंग्रजी. एकदा भट्टीसमोर तुला काही केल्या आठवेना. तू माझा हात झटकलास आणि रस्त्यातच रडलीस. "माझंच डोकं," तू म्हणालीस, "आणि मलाच... आत घेत नाही." भट्टीवाल्याने गरम रोटी कागदात गुंडाळून तुझ्या हातात दिली, आपण ती तिथेच उभ्याने खाल्ली आणि पुन्हा गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली.

लीव्ह संपली तेव्हा डॅडी आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो, दार अर्धं उघडं. हेड नर्सनी तुझ्यासमोर ट्रे ठेवला आणि एकेक वस्तू उचलून विचारू लागल्या. तू डोळे मिटलेस. तू आत्ता कुठल्या दुकानापाशी आहेस ते मला बाहेरून कळत होतं. मग एका चिमट्यापाशी तू अडलीस. शांतता इतकी लांबली की डॅडी उठून उभे राहिले. तू डोळे न उघडता मराठीत म्हणालीस, "थांबा. पोहोचतेय मी." त्या बाईंना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. पण त्या थांबल्या, आणि थोड्या वेळाने तू नाव सांगितलंस. वॉर्ड तुला परत मिळाला नाही. बाहेरच्या रुग्णांच्या ड्रेसिंगच्या खोलीत मिळालं काम, जिथे घाई नव्हती. तू ते नाखुशीने घेतलंस आणि मग जीव लावून केलंस, पुढची चार-पाच वर्षं, दुसरा झटका येईपर्यंत. त्या वेळी आपल्याला गल्लीत जायला सवड मिळालीच नाही.

आज तू असतीस तर मुलीला तूच शिकवलं असतंस, आणि मी दारात उभी राहून ऐकलं असतं. फार वाटतं मला तसं. हे लिहून झालं की घडी घालून कपाटात ठेवीन, दुसरं काय करणार. एक मात्र तुला सांगायचंय. आजारपणाआधी तू किती भरभर बोलायचीस, असं डॅडी शेवटपर्यंत सांगायचे. तो तुझा आवाज मला आठवत नाही, तू शिकवलेलं सगळं करून पाहिलं तरी. मला ऐकू येतो तो नंतरचा, प्रत्येक शब्दाआधी थांबणारा. आणि खरं सांगू, मी आता पहिला शोधायचं सोडून दिलंय.