पाजणीच्या गल्लीत ताणलेला दोरा

सोम. ३ नोव्हें.
बाजार भागाच्या नव्या आराखड्याची सभा. भिंतीवर नकाशा. आमच्या पाजणीच्या गल्लीची नकाशात नुसती रेघ, आणि रेघेला चिकटून शेजारच्या गोविंदाची चार मजल्यांची इमारत. मी उठलो. गोविंदा माइकवर म्हणाला, "काका, बसा. अरे बुढ्याले खुर्ची द्या, कागद नका देऊ." सगळे हसले. पालिकेचे साहेबही. खुर्ची आली, मी बसलोही. तेच जास्त लागलं.
हरकती वीस तारखेपर्यंत, लेखी.
रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली की काय, आठवत नाही.

बुध. ५
अर्ज लिहिला. चौथी शिकलेल्या माणसाचे तीन कागद वाया. लिहिलं: मागावर चढवायचे उभ्या धाग्यांचे ताणे आम्ही या गल्लीभर पसरून त्यांना कांजी पाजत होतो, गल्ली दोन ताण्यांच्या रुंदीची होती, गोविंदाचा जिना तिच्यात आला आहे.
सखाराम, माझा जुना मागशेजारी, म्हणाला, "काहून भिडून राहिला त्याले? चार मजल्याचा माणूस तो."
म्हटलं, जिना पाडल्यावर वर चढेल कसा ते पाहू.

शुक्र. ७
सह्या अकरा. गोविंदाच्या सख्ख्या काकूनेही केली. "त्याच्या मजल्यायनं माह्यं वाळवण सावलीत गेलं," म्हणाली. दिवसभर बरं वाटलं.

सोम. १०
अर्ज दिला, शिक्का मिळाला. कचेरीतला बाबू म्हणाला, पुरावा काय. पुरावा आहे. गल्लीच्या दोन टोकांना ताणा बांधायचे दोन दगड आहेत, भोकं पाडलेले. एक मारुतीच्या ओट्याजवळ, दुसरा विहिरीजवळ मातीत गेलेला. ताणा वाकडा बांधता येत नाही. दगड ते दगड सरळ रेघ, ती गल्लीची कड.

बुध. १२
दगड उकरला. सखारामने आणि मी दोरा ताणला. गोविंदाच्या जिन्यात दोन हात आत. खिडकीतून त्याची बायको पाहत होती. पाहू दे.
मग दोरा पुढे आला. आमच्या घरावर. मुलाच्या, प्रमोदच्या खोलीच्या या भिंतीतून आत, त्या भिंतीतून बाहेर.
गाठ पडली असेल म्हणून सोडून पुन्हा ताणला. तेच.
प्रमोदच्या लग्नाच्या वर्षी मीच त्याला म्हणालो होतो, खोली घे दोन हात पुढे, गल्लीत आता कोण ताणा घालतो.
सखाराम दोरा गुंडाळत राहिला.

शुक्र. १४
प्रमोद जेवताना, "बाबा, तुमाले गोविंदाले पाडाचं आहे का आमाले?"
सून सुमती उठली. तिने शिलाई मशीन त्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात आणली. आता चुलीपाशी बसून ब्लाउज शिवते.

सोम. १७
गोविंदा आला. खुर्ची दिली नाही. प्रमोदच्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसला, मुद्दाम.
"काका, दोरा पाहिला म्या. अर्ज मागं घ्या. तुमचंही झाकलं, माह्यंही झाकलं."
हसत होता. सभेतलंच हसू.
चहा सुमतीने केला. मी साखर घालू नको म्हटलं होतं. तिने घातली.

बुध. १९
उद्या साहेब मोजणीला येणार, अकरा वाजता. सखाराम सकाळी येऊन गेला. "तू म्हणशील तर दोरा धरतो, न म्हणशील तर मले ताप आला असं सांग."
सभेतलं हसू अजून कानात आहे. ते गेलं तर मी अर्ज आजच मागे घेईन. जात नाही.
प्रमोद चार दिवस माझ्याशी बोललेला नाही. जिना पडेल तेव्हा गोविंदाचं तोंड कसं होईल, हे आज दुपारी तीनदा मनात पाहिलं. तिन्ही वेळा मागे आमची भिंतही पडली.
दोरा पिशवीत ठेवला. अर्ज मागे घेण्याचा कागदही लिहून त्याच पिशवीत. हा पहिल्याच झटक्यात नीट लिहिला गेला, त्याचाही राग आला.
सुमतीने माझं धोतर धुऊन दोरीवर टाकलं आहे, उद्यासाठी. पिशवीतून दोरा काढणार की कागद, ते तिने विचारलं नाही.