न संपणाऱ्या निळ्या मफलरबाबत

९ मार्च. सात महिने या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागते. आज लिहिते आहे ते मृत्युपत्र आहे. परवा माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. कोणासाठी किरकोळ, ते त्यांनी सांगितले नाही.

मी, वय सेहेचाळीस, ग्रंथपाल, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आहे. साक्षीसाठी बोलावलेली ताई समोर बसली आहे. मी तिच्या दडपणाखाली लिहीत नाही, फक्त तिच्या नजरेखाली.

१. बँकेतील शिल्लक भाचीला.

२. पुस्तके वाचनालयाला. त्यातली तीन मुळात वाचनालयाचीच आहेत.

३. निळी लोकर व सुया. या लोकरीचा एकच मफलर मी अकरा वर्षे विणते आहे. संपत आला की उसवते आणि पुन्हा टाके घालते.

“मग विणतेस कशाला?” ताई दर वेळी विचारते.

“विणायला.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?” (हा प्रश्न वरील ‘पूर्ण शुद्धीत’ या विधानास बाधक मानू नये.)

खरे ते नोंदवते: एकदा मी तो पूर्ण करून तीन दिवस गळ्यात मिरवला, कौतुकही ऐकून घेतले. चौथ्या दिवशी लाज वाटून उसवला. त्याआधी एकदा ताईने मात्र माझ्या पाठीमागे टाके बंद करून तो स्वतःच्या ऑफिसातल्या साहेबांना भेट दिला होता. परत मागताना मी काय काय बोलले, ते मी विसरलेले नाही. साहेबही विसरले नसावेत.

सबब, ही लोकर ताईला मिळू नये. वरच्या मजल्यावरच्या मांजरीला द्यावी. लोकरीशी निव्वळ लोकरीसाठी खेळणारी माझ्या ओळखीत ती एकटीच.

सही: धाकटी
साक्षीदार: १. ताई २. घरमालक (डाग ग्रीसचा आहे)
स्थळ: जेवणाचे टेबल

ताजा कलम. ताईने सही करताना “मांजर?” एवढेच विचारले. घरमालक खाली पंप दुरुस्त करत होते. ते येईपर्यंत रिकामं काय बसायचं, म्हणून तिने सुया उचलल्या. ते आले, सही करून गेले.

“ताई, झालं. निघायचं नाही का तुला?”

“थांब गं, एवढी ओळ होऊ दे.”

सात ओळी झाल्या. तिने त्या उजेडात धरून पाहिल्या, सगळ्या उसवल्या आणि म्हणाली, “पुन्हा घेते.”

कलम तीन रद्द. लोकर ताईला. पण साक्षीदाराला वारस करता येत नाही, आणि तिची सही तर वाळलीसुद्धा.

उद्या: दुसरा साक्षीदार शोधणे.