टाकीखालचा आवाज

हिंगणघाट,
ता. १२ जानेवारी १९५७

चि. कवडू यास,

तुझ्या दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

मी आणि तुझी वहिनी जिजा खुशाल आहोत. यंदा थंडी जास्त आहे, सकाळी दुकानात लोखंडी पान्याला हात लावला तर बोटं चिकटतात. नागपुरात तुझं बरं चाललं आहे, मालकानं मोटरसायकलींचं सगळं काम तुझ्या हाती दिलं, हे बाजाराला येणाऱ्या मंडळींकडून कळलं. त्या दिवशी वहिनीनं चहात साखर जास्त टाकली. दोन वर्षांत मी तुला पत्र टाकलं नाही, तूही टाकलं नाहीस. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. काम पडलं म्हणून लिहितो आहे.

गुरांचे डॉक्टर पुंडलिकराव तुला आठवत असतील. उंच, नाकात बोलणारे. त्यांनी डिस्पोजलची, लढाई संपल्यावर फौजेनं विकून टाकलेली मोटरसायकल घेतली आहे. तिच्यावर बसून गावोगाव गुरांना सुया टोचत फिरतात. दिवसाला तीस-चाळीस मैल होतात. गाडी जुनी असली तरी इंजिनात दम आहे.

तक्रारी दोन आहेत. चालताना गाडी वाजते. डॉक्टर म्हणतात, "मिस्त्री, पितळेच्या गडव्यावर बांगडी लागावं तसं टिणटिण वाजून राह्यलं." आणि दुसरं म्हणजे पेट्रोलचा वास. जाऊन-येऊन पुरेल एवढं पेट्रोल घालून अल्लीपूरला गेले तर परतताना हिंगणघाटच्या दोन मैल अलीकडेच पेट्रोल संपतं. पण दुकानात उभी केली की एक थेंब गळत नाही. मी दिवसभर खाली कोरा कागद ठेवून पाहिला. कोराच राहिला.

आवाजासाठी टॅपेट बसवले. गळतीसाठी कारबोरेटर खोलून फ्लोट पाहिला, सुई बदलली. पेट्रोलच्या कॉकचा वायसर नवा घातला. डॉक्टर फेरी मारून आले आणि म्हणाले, "आवाज तसाच आहे."

तुझ्याकडे अशा गाड्या रोज येत असतील. काय असेल ते दोन ओळी लिहून कळव. मला काही अडलं आहे असं समजू नको. एक से भले दो, म्हणून विचारलं.

तुझा दादा,
पुनाजी


हिंगणघाट,
ता. २४ जानेवारी १९५७

चि. कवडू यास,

सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. वहिनीनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यात सगळं गाडीचंच होतं, शेवटी एवढंच की तब्येतीस जप. ती म्हणाली, "येवढं तरी लिवलं."

तू विचारलेल्याची उत्तरं देतो. गाडी जोरात नेली की आवाज वाढतो. उभ्या गाडीतही येतो, पण थोडा. क्लच दाबला की थांबतो. आणि टाकीवर तळहात दाबून धरला तर फरक पडतो का असं तू विचारलं आहेस, तर फरक पडत नाही.

यावरून काय समजायचं ते लवकर कळव. डॉक्टरांना थांबता येत नाही. खेड्यांत गुरांना खुरकत लागली आहे आणि लोक त्यांच्या दारात येऊन बसतात. परवा ते प्रमिलाबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, मागे बसवून दुकानात आले. बाई फार शांत. डॉक्टर कोणाशी तरी रस्त्यावर बोलत होते तेव्हा त्या गाडीकडे बोट करून मला काहीबाही सांगत होत्या. मी मान हलवली. बायांना गाडीतलं काय कळतं?

घरचं म्हणशील तर वहिनीचा आवाज मागच्या तापापासून फार बारीक झाला आहे. तिचं बोलणं चुलीपाशीच विरून जातं आणि मग मी उत्तर देत नाही म्हणून तीच रागावते. गिरणीचा भोंगाही आजकाल हळू वाजवतात की काय कोण जाणे. रस्त्यावर माणसं दिसली की मी दुकान उघडतो.

दुकान चांगलं चालू आहे. पेठेतले मोठे लोक येतात. गाडी सुरू करून माझ्यासमोर धरतात, मी पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, आणि ते वाट पाहत उभे राहतात. त्या वेळी कोणी बोलत नाही.

उत्तर टाक.

तुझा दादा,
पुनाजी


हिंगणघाट,
ता. १० मार्च १९५७

कवडू,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते लिहितो, तूही तसंच वाच.

तुझं दुसरं कार्ड मिळालं होतं. तू लिहिलं होतंस, क्लच दाबल्यावर आवाज थांबतो आणि टाकी दाबून फरक पडत नाही, तर खोट क्लचकडेच आहे, टाकीचा नाद सोड. मी क्लच उघडला. आत बुश झिजलेला निघाला. जुन्या गाडीत जिथं उघडाल तिथं झिजलेलं सापडतंच. मी तो बदलला आणि डॉक्टरांना म्हणालो, "झालं. आता बेफिकीर जा." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

१६ फेब्रुवारीला ते अल्लीपूरकडे निघाले. नाल्याच्या चढावर गाडी पेटली. टाकीखालून जाळ वर आला. त्यांनी उडी मारली, पण उजव्या पायावर पेट्रोल उडालं होतं आणि पाय पेटत राहिला. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. त्या कापसाच्या ओट्या सोडून धावल्या, कोणी माती टाकली, एकीनं घोंगडं गुंडाळलं. बैलगाडीत घालून त्यांना गावात आणलं.

जीव वाचला. पाय मांडीपर्यंत भाजला आहे. गुडघा आता सरळ होणार नाही असं दवाखान्यात सांगतात. गुरांच्या डॉक्टरला बैलाच्या मागे उकिडवं बसता आलं पाहिजे, वेळेवर बाजूलाही होता आलं पाहिजे. ते आता कसं व्हायचं?

जळकी गाडी माझ्याच दुकानात आणून टाकली. मी टाकी काढली. टाकीला मागून धरणारी लोखंडी पट्टी तुटलेली होती. तूट जुनी. काजळी पुसली तर कडा घासून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे गाडी चालली की टाकी हलायची आणि ती तुटकी पट्टी टाकीच्या बुडाला लागायची. तेच ते टिणटिण. लागून लागून बुडाचा सांधा उसवला होता. गाडी हलली की सांधा उघडायचा आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकायचं. उभी राहिली की सांधा मिटायचा. आवाज आणि गळती, दोन्हींची खोट एकच होती. टाकी नुसती तळहातानं दाबली की आवाज थांबत असणार.

तू पन्नास मैलांवरून नेमकं तिथंच बोट ठेवलं होतंस.

मी हात दाबला होता, कवडू. तुझं कार्ड आलं त्याच दिवशी. टाकी हाताखाली थरथरत होती, मग कमी थरथरू लागली. पण आवाज थांबला की चालू राहिला, हे मी कसं सांगू? मला तो आवाज आलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून एकदाही नाही. डॉक्टर टिणटिण म्हणायचे आणि मी "हो, आहे खरा" म्हणायचो. तुला जी उत्तरं लिहिली ती सगळी मनची होती. क्लच दाबला की थांबतो, हे मी कागदावर पेन टेकवल्यावर ठरवलं.

जिजाला बोलावून "ऐक बरं" म्हणता आलं असतं. ती दहा पावलांवर भाकरी थापत होती.

दोन वर्षांपूर्वी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना तू म्हणालास, "दादा, तुले ऐकू येऊन नाई राह्यलं. मी कवाचा हाका मारून राह्यलो." मी तुझ्या थोबाडीत मारली. तू हातातला पाना पेटीत त्याच्या जागी ठेवलास, हात पुसलेस आणि गेलास. मला वाटलं, पोरगा मला चारचौघांत खाली पाहायला लावतो, याला दुकान हवं आहे. लोकांनाही मी तसंच सांगितलं. तू खरं बोलला होतास, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच हात उठला.

लढाईत तोफखान्यात चार वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, तेव्हाच कान खराब झाले असावेत. इंजिनाची धडधड मला अजून कळते. पुरुषमाणूस जवळ उभा राहून मोठ्यानं बोलला तर कळतं. पण बारीक जे काही आहे ते सगळं गेलं. पाखरं गेली. जिजाचा आवाज गेला. तिला ताप आला होता हे खरं, आवाज मात्र तिचा होता तसाच आहे. दोन वर्षांपासून ती माझ्या समोर येऊन, तोंड माझ्याकडे करून बोलते. मी कधी काऊन म्हणून विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

तू म्हणशील, दादा, सांगायचं होतं. कोणाला सांगू? या रस्त्यावर आपल्या वस्तीतल्या माणसाचं दुकान हे एकच. ज्यांच्या घरी माझी कपबशी अजून वेगळी ठेवलेली असते, ते लोक मोटारी घेऊन माझ्या दारात येतात आणि म्हणतात, पुनाजी मिस्त्री नुसता ऐकून खोट सांगतो. तो कान गेला हे कळल्यावर माझ्याकडे कोण येणार होतं? नागपूरला दीक्षा घेऊन आलो तेव्हा वाटलं होतं, आता कशाला म्हणून भ्यायचं नाही. आणि मी या एवढ्याशा गोष्टीला भीत बसलो.

आग लागल्यावर पंधरा दिवस मी दवाखान्याकडे फिरकलो नाही. जिजानं जेवण वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "तुमी सांगता का मी जाऊन सांगतो?" तिचे ओठ मला नीट कळले.

मंगळवारी गेलो. डॉक्टर पाय वर बांधून पडले होते, प्रमिलाबाई उशाशी बसल्या होत्या. तोंड सुकलेलं. मला पाहून तेच मोठ्यानं बोलले, "या मिस्त्री. तुमचा काय दोष? गाडीच जुनी. हिनं तुमाले त्या दिवशी सांगतलं होतं ना, टाकीखालून वास येते, तितंच वाजते म्हणून. तुमी पाह्यलंच असन."

प्रमिलाबाई त्या दिवशी काय सांगत होत्या ते मला तिथं, डॉक्टरांच्या खाटेपाशी कळलं.

मी म्हणालो, "डॉक्टरसायेब, मी नाई पाह्यलं. बाईचं बोलणं मले ऐकूच नाई आलं. गाडीचा आवाज बी नाई आला. एकडाव बी नाई. मी तुमाले खोटं सांगत गेलो."

माझा आवाज किती मोठा झाला होता कोण जाणे. चार खाटांवरची माणसं माझ्याकडे पाहू लागली. डॉक्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. प्रमिलाबाई उठल्या. माझ्यापुढे उभ्या राहून बोलू लागल्या. पदर तोंडाशी धरलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं. पुष्कळ वेळ बोलल्या. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि त्यानं डोळे पुसले.

मी हात जोडून उभा होतो. मला एक शब्द कळला नाही.

शाप देत होत्या, की चालते व्हा म्हणत होत्या, की झालं ते झालं म्हणत होत्या, मला माहीत नाही. परत एकदा सांगा असं कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? बोलणं संपवून त्या थांबल्या. माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या असं वाटलं. मान हलणार होती, ती मी आवरली. खाली वाकून त्यांच्या पायापाशी डोकं टेकलं आणि बाहेर आलो. त्या म्हाताऱ्याला विचारावं असं दारापर्यंत वाटत होतं. विचारलं नाही.

दुकान बंद केलं आहे. दोन गिऱ्हाइकं दारावर येऊन गेली म्हणे, जिजानं परत पाठवली. ती म्हणते, कवडूला बोलावून घ्या, हत्यारं शेवटी त्याच्याच हाती जायची आहेत. मी तुला बोलावत नाही. तुझं तिथं बस्तान बसलं आहे आणि ज्याला मारून हाकललं त्याला अडचणीत हाक मारायला मला जागा नाही. त्या थोबाडीत मारल्याची माफी मात्र मागतो. ती दोन वर्षांपूर्वीच मागायची होती.

तुला माझा राग आला असेल तर तो गिळू नको. डॉक्टरांच्या पायाबद्दल जे वाटेल ते म्हण. फक्त एक कर, कवडू, जे काय असेल ते लिहून पाठवजो. इथं येऊन तोंडावर हळू आवाजात बोललास तर तू काय बोललास ते मला कधीच कळणार नाही.

तुझा बहिरा दादा,
पुनाजी