माश्या शुक्रवारी पडत नाहीत

७ फेब्रु. ८८, रवि.
संस्थेत माश्यांच्या खोलीला रंग चाललाय, म्हणून माझ्या म्यू-४ या म्युटंट जातीच्या बाटल्या घरी आणल्या. फळमाश्या बघून आईने नाक मुरडलं, मग स्वतःच भिंतीलगतची फळी रिकामी करून दिली. भिंतीपलीकडे अन्सारीभाईंच्या कापड कारखान्याचे लूम. दुपारी लाइट आली, लूम सुरू झाले, आणि अर्ध्या तासाने म्यू-४ सगळ्या आडव्या! पाय झाडत पडलेल्या. शेजारच्या बाटलीतल्या साध्या माश्या मजेत. मी किंचाळलेच. आई लाटणं घेऊन धावली, तिला वाटलं पाल.

८ फेब्रु., सोम.
संस्थेत मॅडमना, माझ्या गाइडना, सांगितलं. त्यांच्यासमोर सोबत नेलेली बाटली टेबलावर आपटली. एक माशी पडेल तर शपथ. मॅडम म्हणाल्या, गरमी असेल, तेलाचा वास असेल. दोन वर्षं या जातीवर गेली, चेतापेशींचा दोष काही दिसला नाही, आता पुरे. महिनाअखेर बाटल्या फेकायच्या, नवा विषय घ्यायचा. अस्सा राग आलाय! फेकणार नाही.

१३ फेब्रु., शनि.
आज लूम चालू असताना बाटल्या भिंतीपासून काढून गादीवर ठेवल्या. तीच खोली, तीच गरमी, तोच वास. एकही पडली नाही. परत फळीवर, की पडल्या. म्हणजे हादराच! एक धक्का नाही, सतत हादरा लागतो. त्याने यांच्या नसा थकतात. कोणतं जनुक बिघडलंय ते शोधायचं, पण आधी मॅडमना पटायला हवं.

१५ फेब्रु., सोम.
मॅडम येते म्हणाल्या! शुक्रवारी, नाशिकला भावाकडे जाता जाता, हायवेवरच्या वडप्याहून भिवंडीत आत वळून. मी "हो मॅडम" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात आठवलं. शुक्रवारी लूम बंद. आठवड्याची वीजकपात, लाइटच नसते. भिवंडीत जन्मलेली मी, अकलेचा कांदा! परत वर गेले तर मॅडम दिल्लीला निघालेल्या, थेट शुक्रवारीच परतणार.

१८ फेब्रु., गुरु.
अन्सारीभाईंना विचारून बघितलं. हसले. "बहन, जुम्मे को लाइट ही नहीं, लूम क्या हाथ से चलाऊँ?"

१९ फेब्रु., शुक्र.
मॅडम आल्या. गल्ली चिडीचूप. म्यू-४ टुणटुणीत. सरळ सांगून टाकलं सगळं. कान तापले होते.
"मग तेव्हाच का नाही बोललीस?"
"जिन्यात आठवलं, मॅडम. परत वर आले तर तुम्ही निघालेल्या."
मॅडमनी एक बाटली उजेडात धरून बघितली, परत फळीवर ठेवली. आईने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, ते मागून घेतलं. हात धुताना म्हणाल्या, "उद्या किती वाजता सुरू होतात?"
"सातला."
"मग नाशिक उद्या. पण उद्याही नाही पडल्या, तर या बाटल्या मी स्वतः रिकाम्या करणार. चालेल?"
चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

२० फेब्रु., शनि. सकाळ.
मॅडम आईचं पातळ नेसून फळीसमोर स्टुलावर. लूम सुरू झालेत, कपाटातले पेले किणकिणतायत. मला बोलायची बंदी, म्हणून हे लिहितेय. जीव नुसता
एक पडली.
मॅडम म्हणतात, एकीने काही सिद्ध होत नाही. पण स्टूल पुढे ओढलंय.