पहिली सही

सौंदड,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. रश्मीस,
मामाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

वि. वि. दिवाळीला तुम्ही दोघी येऊन गेल्या आणि घर सुनं सुनं वाटून राहिलं. डिंपलनं केलेले अनरसे अजून डब्यात आहेत. तिला वाईट वाटू नये म्हणून मी दोन खाल्ले, तिसरा दाढेला झेपला नाही. तिला जावई म्हणायचं की सून, हा प्रश्न तुझ्या मामीला अजून सुटला नाही. मी म्हटलं, लेक म्हण आणि मोकळी हो.

हे मी फोनवर बोलत नाही, ते तुला माहीत आहे. माझा फोन अर्धा वेळ ड्रायव्हरच्या हाती आणि अर्धा वेळ स्पीकरवर असतो. तू नागपूरला नर्सिंगला होतीस तेव्हापासूनची आपली पत्राची सवयच बरी.

एक गोष्ट दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच तुझ्या कानावर घालतो. मागच्या महिन्यात दिल्लीच्या कोर्टानं तुमच्यासारख्यांच्या लग्नाचं काम संसदेवर सोडलं ना, तेव्हापासून आमच्या पक्षातल्या काहींना चेव आला आहे. असल्या लग्नांना कधीच मान्यता देऊ नका, असं निवेदन ते कलेक्टरला देणार आहेत. जिल्हा परिषद सदस्य म्हणून मलाही जावं लागेल. पुढच्या वर्षी विधानसभा आहे, तिकिटासाठी तिघं टपून बसले आहेत. मी मागे कुठेतरी उभा राहीन. कागदच तो, फायलीत जाऊन पडेल. मनावर घेऊ नकोस. तुमच्या केसाला धक्का लागला तर तुझा मामा बसला आहे.

धान कापून झालं, खळ्यावर चुरणं बाकी आहे. दोघी थंडीला जपा आणि या म्हाताऱ्यावर माया असू द्या.

तुझा,
भोजराज मामा


गोंदिया,
४ डिसेंबर २०२३

ती. मामांस,
रश्मीचा सा. न. वि. वि.

पेपरातला फोटो मिळाला. मिळाला म्हणजे, आमचे घरमालक वीरेंद्रभैया स्वतःच घेऊन आले. तुम्ही मागे कुठेतरी उभे राहणार होता. फोटोत अगदी मधोमध आहात आणि बॅनरचं एक टोक तुमच्या हातात आहे. खाली छापलं आहे, निवेदनावर पहिली सही श्री. भोजराज रामटेके यांची. निळ्या जाकिटात तुम्ही उठून दिसता, असं डिंपलचं म्हणणं. माझं नाही.

वीरेंद्रभैयांनी चहा घेतला. मग म्हणाले की बेटा, मुझे कोई दिक्कत नहीं, पण तुझ्या मामानंच लिहून दिलं आहे ना की असल्यांना घर देऊ नका. मी निवेदन वाचलं मामा. चौथी मागणी खरंच तशी आहे. सही करण्याआधी तुम्ही वाचलं होतं का? जानेवारीच्या मध्यापर्यंत खोली रिकामी करायची आहे. चार वर्षं राहिलो इथे. भिंतीत खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारून ठोकला.

डिंपलच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही फोटो पोचला. तुझी मैत्रीण त्यांची भाची ना, असं एकीच्या आईनं विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीला पाठवणं बंद केलं. आमगावला तिच्या घरी आजवर आम्ही नुसत्या मैत्रिणी होतो. आता तिचा भाऊ कैलाश रोज फोन करून तिला घरी परत बोलावतो.

एकच मागणं आहे. वीरेंद्रभैया तुमच्याच पक्षाचे. तुम्ही एक शब्द टाकला तर ऐकतील. भाषण नको, माफी नको, फक्त एक फोन करा.

मामीला नमस्कार. लोभ आहे तो राहावा, हे या वेळी रीत म्हणून लिहीत नाही.

तुमची,
रश्मी


दरेकसा,
१७ जानेवारी २०२४

चि. भोजराजले,
ताईचे आशीर्वाद. जयभीम.

अक्षर वाकडं आहे, वाचून घे. फोनवर तुया आवाज ऐकला का रडू येते अन् बोलाचं राहून जाते, म्हणून लिहून राहिली.

शनवारी दुपारी पोरी सामान बांधून राहिल्या होत्या. डिंपलचा भाऊ कैलाश अन् दोन चुलतभाऊ गाडी घेऊन आले. तिले ओढत गाडीत टाकलं. रश्मी मधात पडली, तिचा हात मुरगळला. वीरेंद्र अंगणातच उभा होता म्हणे. रश्मी तशीच ठाण्यात गेली. तिथल्या मानसानं विचारलं, तू तिची कोण होतेस? पोरीनं सांगितलं, आमी सोबत राहतो. तो हासला. घरचे लोक आपली पोरगी घरी नेतात तं त्याची तक्रार कायची, असं बोलला.

तिथून तिनं तुले अकरा डाव फोन लावला. मी मोजले, तिच्या फोनवर दिसतात. तू काऊन नाही उचलला?

डिंपलले बालाघाटकडं तिच्या मामाच्या घरी ठेवलं आहे. तिचं लगन लावाच्या मागं लागले आहेत. रश्मी माह्याजवळ आहे. ताट पुढं ठेवलं तं दोन घास खाते अन् डोंगराकडं पाहत बसते. मी पोरीची माय, मले हे सारं समजाले दोन वर्स लागले. तुले तं मायाहून आधी समजलं होतं. तूच मले समजावलं होतं, का पोरी सुखात आहेत ते पाह्य, बाकीचं सोड.

आपला बाप छप्पनमंदी छोट्या लाइनीच्या गाडीनं नागपूरले गेला अन् दीक्षा घेऊन आला. आता कोणापुढं मान खाली घालाची नाही, म्हणे. तू हे दर चौदा एप्रिलले माइकवर सांगतोस. मंग आपली पोर ठाण्यात एकटी उभी होती तवा तुयं संविधान कोठं होतं?

मले तुया राग नाही आला, भोजू. लाज वाटली. राग आला असता तं बरं झालं असतं.

तब्येतीले जप. जशी आहे तशी,
तुयी ताई,
सुलोचना


सौंदड,
२४ जानेवारी २०२४

ती. ताईस,
भोजराजचा शि. सा. नमस्कार. जयभीम.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू विचारलं आहेस, तर लिहितो. मग तुला वाटेल ते कर.

शनिवारी पक्षाची बैठक होती. मुंबईहून निरीक्षक आले होते, उमेदवारीसाठी नावं चाचपायला. मी त्यांच्या बाजूलाच बसलो होतो. फोन टेबलावर होता. रश्मीचं नाव दिसलं तसा मी फोन पालथा घातला. तिसऱ्या वेळी निरीक्षकांनी विचारलं, काही तातडीचं आहे का. मी म्हटलं, घरचं आहे, काही नाही. मग आवाज बंद केला. बैठक संपल्यावर अकरा पाहिले आणि फोन खिशात ठेवून लोकांसोबत जेवायला बसलो. ताई, मी पोटभर जेवलो.

डिसेंबरात तिनं वीरेंद्रला फोन करायला सांगितलं होतं. करतो, असं मी तिला कळवलं होतं. केला नाही. त्यानं उलटून विचारलं असतं, तर काय सांगायचं?

आणि निवेदन मी वाचलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. चौथ्या मागणीवर माझं बोट थांबलं होतं. पण तिकिटाच्या रांगेतल्या एकानं आदल्याच दिवशी हसत हसत विचारलं होतं, भाची कुठे असते तुमची, कोणासोबत राहते. पहिली सही मीच केली म्हणजे माझ्या घराकडे कोणी बोट दाखवणार नाही, एवढाच विचार केला. बाकीच्यांनी विरोध म्हणून सही केली असेल. मी भीतीनं केली. लोकांचा कळवळा असणारा माणूस म्हणून मला मतं मिळतात.

रश्मीला हे पत्र दाखवू नकोस, असं लिहिणार होतो. दाखव.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
भोजराज


दरेकसा,
३० जानेवारी २०२४

मा. श्री. भोजराज रामटेके,
जिल्हा परिषद सदस्य, यांस
स. न. वि. वि.

डिंपलला घरच्यांनी कोंडून ठेवलं आहे, तिला कोर्टापुढे हजर करावं, असा अर्ज आम्ही नागपूरला हायकोर्टात केला आहे. सुनावणी २१ फेब्रुवारीला आहे. आमच्या वकील रुचिका मॅडम यांचं म्हणणं असं, की आम्ही दोघी सज्ञान आहोत आणि चार वर्षं आपल्या मर्जीनं एकत्र राहत होतो, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र घरच्या माणसांनी दिलं तर मदत होईल. आईनं दिलं आहे. वाकड्या अक्षरात, पण पूर्ण नावाची सही केली.

आपणही ते द्यावं ही विनंती. मजकूर सोबत जोडला आहे. चारच ओळी आहेत आणि चारही आपल्याला ठाऊक आहेत.

वर मामा लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

कळावे,
रश्मी


सौंदड,
२५ फेब्रुवारी २०२४

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद. घेशील तर जयभीम.

तू कोर्टात होतीस, सगळं पाहिलंस. तरी लिहितो, कारण तिथे तू माझ्याशी बोलली नाहीस आणि माझी तुझ्याजवळ यायची हिंमत झाली नाही.

ते चार ओळींचं प्रतिज्ञापत्र माझ्या कपाटात अठरा दिवस पडून होतं. एकोणीस तारखेला सही केली. तीसुद्धा मामीनं ताटावरून उठून विचारलं म्हणून, की पोरीचं लग्न लागल्यावर नेऊन देणार का.

कैलाशच्या वकिलानं पेपरातलं कात्रण वर धरलं, तेव्हा मी दाराजवळ उभा होतो. निवेदनावर पहिली सही ज्याची, तोच हा माणूस, असं तो म्हणाला. न्यायमूर्तींनी विचारलं, हे गृहस्थ इथे आहेत का. मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. यातली कुठली सही खरी मानायची, एवढंच त्यांनी विचारलं. मी दुसरी म्हणालो, पण आवाज फुटला नाही. परत विचारलं. परत म्हणालो. गावोगाव माइकशिवाय बोलणारा माणूस मी, आणि एक शब्द निघेना. त्यांनी पुढचा कागद उलटला.

मग डिंपलला न्यायमूर्तींच्या दालनात नेलं. दहा मिनिटांत बाहेर आली. मी एकोणतीस वर्षांची आहे, मला रश्मीसोबत जायचं आहे, असं तिनं सांगितलं, आणि कोर्टानं ती मोकळी असल्याचं लिहून दिलं. माझ्या कागदाची गरजच पडली नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला सोडवलं.

व्हरांड्यातून जाताना डिंपलनं मला नमस्कार केला. किती बारीक झाली आहे ती. तू सरळ पुढे गेलीस. बरोबर केलंस.

मला माफ कर, असं लिहून ठेवतो. उत्तराची घाई नाही.

अपराधी,
भोजराज मामा


नागपूर,
१० एप्रिल २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा लिहिलं आहे. डिंपलनं लिहायला लावलं.

मला इथे एका दवाखान्यात काम मिळालं. जागा लहान आहे, पण घरमालकीण पुष्पाबाईंनी भाडं आणि पाण्याची वेळ सोडून काही विचारलं नाही. डिंपल क्लास सुरू करीन म्हणते. अजून दार वाजलं की ती आतल्या खोलीत जाते, मग मी कोण आलं ते मोठ्यानं सांगते.

तुमचं आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. मला लिहिलेलंही वाचलं. दोन्ही खरी आहेत, हे कळतं. पण मामा, तुम्ही आमच्याविरुद्ध सही केली ती चारचौघांत, बॅनर धरून, फोटोवाल्याकडे तोंड करून. आणि लाज मात्र बंद पाकिटातून, पाच रुपयांचं तिकीट लावून पाठवता. ती आमच्या घरी पाठवून काय उपयोग? इथे सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

मी माफ केलं की नाही ते मलाच अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन.

मामीच्या गुडघ्याला तेल लावत जा. आठवण राहू द्या.

रश्मी


सौंदड,
१८ ऑगस्ट २०२४

चि. रश्मीस व चि. डिंपलला,
दोघींना अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लागले. लिहिण्यासारखं काही करून दाखवलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. दर सभेला कागद खिशात घालून जात होतो आणि तसाच परत आणत होतो.

पंधरा ऑगस्टला झेंड्यानंतर ग्रामसभा होती. रस्ता, नाली, घरकुलं झाली आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, माझी भाची आणि तिची जोडीदार चार वर्षं गोंदियात सुखानं राहत होत्या. त्यांच्यासारख्यांना घर देऊ नका, अशा कागदावर पहिली सही मी केली. माझं घर झाकायला केली. त्या कागदापायी त्यांचं घर गेलं, एकीला जनावरासारखं ओढून नेलं, आणि भाचीनं हाक मारली तेव्हा मी फोन पालथा घातला. त्या पोरींचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. ती सही मी आज सगळ्यांपुढे मागे घेतो.

मागून कोणीतरी हसलं. माझाच कार्यकर्ता उठला आणि त्यानं माइकची पिन काढली. उरलेलं तसंच बोललो. टाळी वाजली नाही, शिवीही आली नाही. लोक बुंदीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. संध्याकाळी जिल्हाध्यक्षांचा फोन आला. आता तब्येत सांभाळा, असं म्हणाले. तिकिटाचं काय झालं ते मी समजलो.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. मंडप रिकामा झाल्यावर उदाराम काका काठी टेकत आले. ऐंशीच्या घरात आहेत, लग्न केलं नाही म्हणून गावानं जन्मभर त्यांची थट्टा केली. मीही केली आहे. त्यांचं शेत रामलालच्या शेताला लागून. चाळीस वर्षं दोघांनी एकाच बैलजोडीनं दोन्ही शेतं केली, डबा एकाच झाडाखाली सोडला. रामलाल या उन्हाळ्यात वारला. खांदा द्यायला काका पुढे झाले, तर रामलालच्या पोरांनी त्यांना हातानं मागे सारलं. मी तिथेच होतो, पोरी. पाहिलं आणि चालत राहिलो.

काका माझ्याजवळ बाकावर बसले. म्हणाले का बापू, मागं बसलो होतो, माइक बंद झाला अन् मले ऐकू कमी येते. काय बोलला ते एक डाव पुन्हा सांग. मी वाकलो आणि त्यांच्या कानात सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्या शब्दापासून. ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपलं तसे उठले, काठी शोधली आणि म्हणाले, एवढंच बोलाचं होतं, तं इतके वर्स काऊन लागले? रामलालले ऐकाचं होतं हे.

काकांच्या प्रश्नाला उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा, मी त्यांना नेऊन सांगेन.

तुमच्या दाराशी कधी आलो, तर आधी माझं नाव मोठ्यानं सांगीन.

तुमचा,
भोजराज मामा